धुवा, पुसू नका : रिक्षाचा पडदा, हेल्मेटची काच आणि आपल्याकडचा फुफाटा

जूनचा पहिला पाऊस पडला की बीदर, भालकी, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी या भागातल्या रिक्षा-टमटमवाल्यांचे पडदे बाहेर निघतात. पावसाळा संपल्यावर गुंडाळून सीटमागे कोंबलेला पडदा सात-आठ महिन्यांनी उलगडला जातो. त्याच्या मधोमध शिवलेला पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन धुळीने माखलेला असतो आणि हाताला लागेल त्या फडक्याने तो खसाखसा पुसला जातो. पुसल्यावर पलीकडचं दिसू लागतं, म्हणून काम झालं असं वाटतं. माझं म्हणणं असं की त्या प्लास्टिकचं वर्षभरातलं सगळ्यांत मोठं नुकसान त्याच दोन मिनिटांत होतं. ऊन त्याला पिवळं करतं हे खरं, वय झालं की ते कडक होतं हेही खरं; पण आरपार दिसेनासं होण्याचं पहिलं आणि टाळता येण्याजोगं कारण कोरडं फडकं हे आहे. हेल्मेटची काच, मोटारीचा हेडलाइट, दुकानाच्या काउंटरवरचं तावदान, पावसाळ्यात हॉटेलच्या दाराला लावलेला पडदा या सगळ्यांना तोच न्याय लागू पडतो. प्लास्टिक पुसायचं नसतं, धुवायचं असतं. हे नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, म्हणून त्यामागचं कारण आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही तपासू.

आधी प्लास्टिक ओळखायला हवं. पडद्यातलं, गुंडाळता येणारं प्लास्टिक म्हणजे मऊ पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचा पाइप त्याचाच असतो. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीत 1926 मध्ये वॉल्डो सेमन यांनी त्यात तेलकट द्रव मुरवून ते लवचीक केलं आणि रेग्झिनपासून रेनकोटपर्यंतचा सगळा व्यवहार त्यातून उभा राहिला. हा द्रव प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, पक्का बांधलेला नसतो. उन्हाने तो हळूहळू निघून जातो, पेट्रोल-रॉकेलने झपाट्याने निघतो, आणि मग पडदा कडक होऊन घडीवर तडकतो. हेल्मेटची काच आणि आताच्या गाड्यांचे हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात. हे प्लास्टिक दणका उत्तम सोसतं, ओरखडा मात्र सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक लेपाचा एक पातळ थर चढवलेला असतो. काउंटरवरची तावदानं, दुकानाचे चमकते बोर्ड, बऱ्याच लहान विमानांच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या. ॲक्रिलिकमधून सुमारे 92 टक्के प्रकाश पलीकडे जातो, म्हणजे साध्या काचेपेक्षा किंचित जास्तच. आणि वजन काचेच्या निम्मं. गुंडाळता येतं ते पीव्हीसी, हेल्मेट आणि हेडलाइट म्हणजे पॉलिकार्बोनेट, बोर्ड आणि तावदान म्हणजे बहुधा ॲक्रिलिक, एवढं धरून चाललं तरी कामापुरतं पुरे.

आता या तिघांची गाठ कशाशी पडते ते पाहू. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहाची पट्टी फ्रीड्रिख मोज या शास्त्रज्ञाने 1812 मध्ये घालून दिली. तिच्यावर आपलं नख अडीचच्या आसपास, चुनखडीतलं कॅल्साइट तीन, खिडकीची काच साडेपाच आणि गारगोटी सात. पट्टीवर जे वर असतं ते खालच्याला ओरखडतं. ही तिन्ही प्लास्टिकं नखाच्या आसपास येतात. मऊ पीव्हीसीवर तर नखाचा वळ स्पष्ट उमटतो. याउलट आपल्या धुळीत काय असतं? बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. किल्ल्याचा खंदक खोदला तो याच दगडात. जांभ्याच्या लाल मातीत लोखंडाची ऑक्साइडं असतात आणि त्यांचे कण पाच ते साडेसहापर्यंत कठीण असतात. औराद, भालकी, आळंदकडच्या काळ्या रानाची माती स्वतः मऊ, हाताला लोण्यासारखी लागणारी. पण रस्त्यावर उडते ती निव्वळ माती नसते. टायरखाली भरडलेली काळ्या दगडाची खडी तिच्यात मिसळलेली असते आणि त्या दगडातली खनिजं सहाच्या घरातली. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या चिपाडांची राख हवेतून येते. तिच्यात सिलिका भरपूर. खाली शहाबाद, वाडी, सेडम, मळखेड हा चुनखडीचा आणि सिमेंटचा पट्टा. तिथली चुनखडीची धूळ तुलनेने मऊ, पण सिमेंटची धूळ ओली झाली की तीव्र अल्कली बनते आणि पॉलिकार्बोनेटला अल्कलीचं वावडं आहे. म्हणजे उत्तरेकडे ओरखडणारी धूळ, दक्षिणेकडे चिकटून पोखरणारी. कोरड्या फडक्याने पुसताना यातला प्रत्येक कण फडक्यात अडकतो आणि पृष्ठभागावरून फरफटत जातो. त्याला पुसणं म्हणायचं की पॉलिश पेपर मारणं, हे वाचकांनीच ठरवावं.

पारदर्शक प्लास्टिकची निगा हा विषय जगात सर्वाधिक चर्चिला जातो तो नौकांच्या बाबतीत. गोव्यात किंवा मालवणात पाण्यावर फिरणाऱ्या बोटींच्या छताला पाऊस-वारा अडवायला असेच शिवलेले पारदर्शक पडदे लावतात, आणि तिथला मुख्य शत्रू मिठाचा थर. बोटवाल्यांना एकच सल्ला दिला जातो : फेरी संपली की गोड्या पाण्याने धुवून काढा. मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे दोन बादल्या पाणी ओतलं की निम्मं काम झालं. आपल्याकडे समुद्र नाही, पण आपली अडचण त्यांच्यापेक्षा अवघड आहे, कारण गारगोटी आणि लोखंडाची गंज पाण्यात विरघळत नाही. ती भिजवून, सुटी करून, पाण्याच्या धारेबरोबर खाली वाहवावी लागते. बोटीवरची रीत इथे तशीच चालत नाही ती यामुळे. आपल्याला भिजवण्याला वेळ द्यावा लागतो.

धूसरपणा ओरखड्यांचाच कशावरून, असा प्रश्न रास्त आहे. त्याची परीक्षा घरीच होते. धूसर झालेला पडदा किंवा हेडलाइट स्वच्छ धुवा आणि ओला असतानाच त्यातून पाहा. ओल्यात स्वच्छ दिसतं आणि वाळल्यावर पुन्हा दूध ओतल्यासारखं होतं, तर दोष पृष्ठभागावरच्या ओरखड्यांचा. पाणी त्या बारीक चरांत भरतं, प्रकाश कमी विखुरतो आणि तात्पुरतं साफ दिसतं. ओल्या फडक्याने पुसल्यावर ‘आता निघालं’ असं वाटतं आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच, म्हणून आणखी जोर लावला जातो. जोराने चर वाढतात. ओलं असतानाही पिवळंच दिसत असेल तर तो उन्हाचा परिणाम, आणि तो घासून जाणार नाही. तिसरा प्रकार खास मऊ पीव्हीसीचा आहे. पावसात सतत ओलं राहिलं किंवा ओलंच गुंडाळून ठेवलं की ते थोडं पाणी शोषून पांढरट होतं. हा बिघाड नसतोच. सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस टांगून ठेवलं की ते आपोआप निवळतं. नेमक्या अशा वेळी कुणीतरी रॉकेलचा बोळा हाती देतो आणि जे आपोआप बरं होणार होतं ते कायमचं बिघडतं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याकडे ओरखडलेल्या प्लास्टिकमधून पाहिलं तर दिव्याभोवती गोल-गोल रेघांचं कडं दिसतं. रेघा खरं तर सगळ्या दिशांनी असतात; दिव्याभोवतीच्या वर्तुळात बसणाऱ्या तेवढ्या चमकतात.

याबाबतीत विमानवाल्यांचा अनुभव सर्वांत जुना आणि सर्वांत काटेकोर. बीदरच्या हवाई तळावर सूर्यकिरणचं पथक आहे. आकाशात त्यांच्या कसरती पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटावर उठलेला एक चरा त्याला दुसरं विमान वाटू शकतो. अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या देखभाल-पुस्तिकेत प्लास्टिकच्या खिडक्यांसाठी भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड किंवा नुसता हात एवढंच सांगितलं आहे; पेट्रोल, अल्कोहोल, थिनर आणि काच पुसायचे स्प्रे यांना स्पष्ट मनाई. कोरडं घासल्याने ओरखडे तर उठतातच, शिवाय प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि ती आजूबाजूची धूळ पुन्हा ओढून घेते. पडदा पुसून तासाभरात पुन्हा धुरकट का दिसतो, याचं उत्तर यात आहे. ओल्या कापडाने हलकं टिपलं की ती वीज निघून जाते.

तेव्हा कृती. पडदा शक्यतो काढून सावलीत टांगा. काढता येत नसेल तर गाडी सावलीत उभी करा आणि प्लास्टिक हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या प्लास्टिकवर पाणी टाकलं की ते जागच्या जागी वाळतं आणि धुळीचे डाग पक्के बसतात. आधी हात न लावता जेवढी धूळ जाईल तेवढी जाऊ द्या : पडदा मागून हलकेच टिचकावा, किंवा सायकलच्या पंपाने वारा मारा. मग वरच्या कडेपासून पाणी सोडा, खाली वाहू द्या आणि पाच-सात मिनिटं काही करू नका. भिजण्याचा हा वेळ म्हणजे सगळ्या कामाचा गाभा. घाई होते ती इथेच. त्यानंतर मगभर पाण्यात शाम्पूच्या पुडीतले चार-पाच थेंब किंवा भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून फेस करा आणि तो उघड्या हाताने फिरवा. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. पहिल्या फेरीला हात कापडापेक्षा चांगला, कारण बोटाला खर लागली की कळते. फडक्याला काही कळत नाही. खर लागेल तिथे पुन्हा पाणी. हात वरून खाली, सरळ रेषेत. गोल-गोल फिरवू नका. मग स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ, अनेकदा धुतलेल्या सुती कापडाने टिपा. जुनं धोतर, मलमल, लहान मुलाचं दुपटं याला उत्तम. टॉवेलने चोळू नका. वर्तमानपत्र आणि टिश्यू पेपर तर जवळही नको. लाकडाच्या लगद्यातले तंतू प्लास्टिकला बोचतात, आणि छापील शाई मऊ पीव्हीसीवर उमटते ती वेगळीच. कापड जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद. हेल्मेटची काच शक्य असेल तर खोलून, नाहीतर भिजवलेलं कापड तिच्यावर दहा मिनिटं नुसतं पसरून ठेवून. चिलटं आणि किड्यांचे सुकलेले डाग असेच सुटतात, खरवडून नाही.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एप्रिल-मेमध्ये जिथे पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे पडदे कुणी धुवायचे? पण हिशेब केला तर पडद्याच्या एका चौकोनाला दोन तांबे पाणी पुरतं. बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने चार-पाच भोकं पाडली की झारी तयार, आणि लिटरभर पाण्यात हेल्मेटची काच तीन वेळा धुऊन होते. गाडी धुवायला बादल्याच्या बादल्या जातात, त्या मानाने हे काहीच नाही. पाणी कसलं हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा. चुनखडीच्या भागातल्या बोअरचं पाणी जड असतं. त्याचा थेंब जिथे वाळतो तिथे पांढरी कड उरते. गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावर जे पाणी टाकून दिलं जातं ते तर आणखी जड. ते पहिल्या भिजवणीला चालेल, शेवटच्या धुण्याला नाही. शेवटचा तांब्या पावसाचा, एसीतून ठिबकलेला किंवा फिल्टरचा असावा. कूलरच्या टाकीतलं पाणी घेऊ नका. सतत उडून गेल्याने त्यात क्षार साठलेले असतात. पांढऱ्या कडा आधीच बसल्या असतील तर साधं पांढरं व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून कापडाने त्यावर ठेवा, पाच मिनिटांनी धुऊन टाका. धुवायला पाणी अजिबात नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी. धुळीचा थर बसून राहिला तर फारसं बिघडत नाही. तो रगडला की बिघडतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : वर्षानुवर्षं पेट्रोलने, रॉकेलने, थिनरने पुसतोय, लख्ख निघतं, काही होत नाही. लख्ख निघतं हे खरं. काय होतं ते त्या दिवशी दिसत नाही, एवढाच फरक. मऊ पीव्हीसीतला मुरवलेला द्रव पेट्रोल-रॉकेलने बाहेर ओढला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पडदा घडीवर फुटतो. तेव्हा दोष प्लास्टिक विकणाऱ्याला दिला जातो. पॉलिकार्बोनेटवर परिणाम होतो तो ताण असलेल्या जागी : हेल्मेटच्या काचेच्या स्क्रूभोवती बारीक तडे उठतात, आणि जी काच दणका सोसण्यासाठी बसवली तीच दणक्याला तुटते. अल्कोहोलचा धडा कोविडने सगळ्या जगाला दिला. काउंटरवर ॲक्रिलिकची तावदानं लागली, त्यांवर दिवसातून अनेकदा सॅनिटायझर फवारलं गेलं, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांत बारीक भेगांचं जाळं पसरलं. काच पुसायच्या निळ्या स्प्रेच्या बाटलीमागे अमोनिया किंवा अल्कोहोल लिहिलेलं असेल तर तो खऱ्या काचेलाच ठेवावा. कपड्यांची पावडर सोड्यामुळे अल्कलीयुक्त असते, भांड्यांच्या वडीत घासण्यासाठी दगडाची पूड असते, दोन्ही नकोत. चमक यावी म्हणून पडद्याला खोबरेल चोळण्यात तर काहीच अर्थ नाही. दुपारपर्यंत तो चमकतो आणि संध्याकाळी सगळा फुफाटा त्यावर बसलेला असतो. तेलाचा उपयोग एकाच कामाला : जुन्या स्टिकरचा चिकटपणा थेंबभर तेलाने सुटतो, मग शाम्पूच्या पाण्याने तेल काढायचं.

पानाच्या आणि गुटख्याच्या पिचकाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हा बोटवाल्यांना नसलेला आणि आपल्या रिक्षावाल्यांना रोजचा त्रास. काताचा रंग मऊ पीव्हीसीत मुरतो. ओला असेपर्यंत तो नुसत्या पाण्याने जातो. वाळून उन्हात तापला की आत उतरतो आणि मग कोणतंही रसायन प्लास्टिक न बिघडवता तो काढू शकत नाही. म्हणून गाडीत पाण्याची एक बाटली केवळ याच कामासाठी ठेवावी. पिचकारी मारणाऱ्याचं काय करावं, हा या लेखाचा विषय नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : कितीही जपलं तरी कलबुर्गीचं ऊन प्लास्टिकला सोडत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारं तापमान आणि त्यासोबतचे अतिनील किरण प्लास्टिक खरोखर खातात. पीव्हीसी पिवळं पडतं, पॉलिकार्बोनेटही. पण ऊन आणि फडकं यांची गती सारखी नाही. उन्हाचं काम वर्षांच्या हिशेबाने चालतं, फडक्याचं मिनिटांच्या. शिवाय पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत दोघं एकमेकांना सामील असतात : ऊन अडवणारा लेप ओरखड्यांनी झिजला की आतलं प्लास्टिक उघडं पडतं आणि पिवळेपणा झपाट्याने येतो. घासलं गेलं नाही आणि ऊन लागलं नाही तर पारदर्शक प्लास्टिक किती टिकतं, याचं एक उदाहरण वैद्यकातलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत फुटक्या घुमटाचे ॲक्रिलिकचे तुकडे घुसले आणि ते तिथे निरुपद्रवी राहिले, हे हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं. त्यावरून 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं ॲक्रिलिकचं भिंग बसवलं. ॲक्रिलिकच्याच कुळातली भिंगं आज घरोघरच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत दशकानुदशकं स्वच्छ राहतात. तिथे धूळ नाही, फडकं नाही, आणि उन्हातले घातक किरण बुबुळाच्या आधीच बरेचसे अडतात. प्लास्टिक जात्याच अल्पायुषी असतं हा समज त्यामुळे टिकत नाही.

उन्हाचा बंदोबस्त धुण्याने होत नाही, ठेवण्याने होतो. पावसाळा संपला की पडदे काढून घरात ठेवा. हुडावर बांधून ठेवलेला पडदा उन्हाळाभर विनाकारण भाजतो. धुऊन, पूर्ण वाळवून, कडक पाइपवर सैलसर गुंडाळा आणि थरांमध्ये जुन्या साडीचा किंवा पांढऱ्या धोतराचा पदर घाला. घडी घालू नका. घडीची रेघ जात नाही आणि तडा पहिल्यांदा तिथेच जातो. रंगीत रेग्झिन पारदर्शक चौकोनावर टेकलेलं राहिलं तर रेग्झिनचा रंग त्यात उतरतो, म्हणून मधलं कापड पांढरंच हवं. वर काही जड ठेवू नका. थंडीत पहाटे पडदा कडक झालेला असतो. तेव्हा ओढून उलगडण्यापेक्षा थोडं ऊन पडू द्या. पडदा गाडीवर असताना तो हुडाच्या तापलेल्या लोखंडी कांबीवर टेकतो तिथे तपकिरी पट्टा उमटतो. सीट कव्हर शिवणाऱ्याला सांगून कांबीवर कापडाची पट्टी बसवून घेतली की तो प्रश्न मिटतो. नवा पडदा शिवताना प्लास्टिक मिलिमीटरभराच्या आसपास जाड घ्या. अगदी पातळ प्लास्टिक वाऱ्याने फडफडून कडेच्या शिलाईशी फाटतं.

नवा पडदा स्वस्तात मिळतो, मग जपायचं कशाला, असंही कुणी म्हणेल. पडदा स्वस्त असला तरी नवं प्लास्टिक जुन्याइतकंच मऊ असतं. सवय बदलली नाही तर तेही पहिल्याच महिन्यात ओरखडतं आणि उरलेला पावसाळा त्याच धूसर चौकोनातून आरशाकडे पाहत काढावा लागतो. टाकलेल्या पडद्याचं पुढे काय होतं हेही पाहायला हवं. पुष्कळदा तो कचऱ्याबरोबर पेटवला जातो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा जळजळीत धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. जुना पडदा सामान झाकायला वापरा, भंगारात द्या. शेकोटीत घालू नका.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय हल्ली सर्वतोमुखी आहे. तो काम करतो, कारण पेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि ती वरचा पिवळा थर खरवडून काढते. मात्र त्याबरोबर उरलासुरला संरक्षक लेपही जातो, म्हणून काही महिन्यांत दिवा पहिल्यापेक्षा जास्त पिवळा होतो. करायचंच असेल तर नीट करावं : पाण्याखाली 800 किंवा 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 2000, मग 3000 असे बारीक होत जावं, पॉलिशने चकाकी आणावी आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा लेप न चुकता द्यावा. हा शेवटचा भाग गाळून स्वस्तात काम करून देणाऱ्याकडे जाऊ नये. आधीचा मळ धुऊन न काढता पेपर मारला तर त्या मळाचेच मोठे चरे पडतात, म्हणजे इथेही सुरुवात पाण्यानेच.

हेल्मेटच्या काचेला मात्र हा उपचार करू नका. तिच्या लेपाची जाडी घासणं सोसण्याएवढी नसते आणि घासून तिची वक्रता बिघडली तर नजरेला अंतराचा अंदाज चुकीचा येतो. उमरग्याहून हुमनाबादकडे जाणाऱ्या 65 क्रमांकाच्या महामार्गावर रात्री ट्रकांची रांग समोरून येत असते; तिथे काच खाली घेऊन रस्त्यावरचे खड्डे आणि पांढरी पट्टी दिसते का, ते गाडी बाजूला उभी करून पाहा. दिव्यांभोवतीच्या कड्यात पट्टी हरवत असेल तर काच बदलायची वेळ झाली आहे. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची काच घ्या. दुसरी बसली तरी कडेला फट राहते आणि त्या फटीतून धूळ आतल्या बाजूला जमते. नवी काच बसवल्यावर तिच्यावरची पारदर्शक पट्टी हाताने सोला, ब्लेड लावू नका, आणि हेल्मेटच्या पिशवीत एक धुतलेलं सुती कापड आणि छोटी पाण्याची बाटली त्याच दिवशी ठेवून द्या.